एकाच नावाच्या दोघी

गतवर्षी आमच्या शाळेत एकाच वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आल्या; वडिलांची नावेही तीच. एकीची शिष्यवृत्ती दुसरीच्या खात्यावर जमा झाली, आणि ती परत मिळेपर्यंत पहिलीच्या आईला मजुरी बुडवून चार खेपा घालाव्या लागल्या. दोष नावाचा नव्हता. दाखल क्रमांक न पाहता सही करणाऱ्या आमचा होता.

शाळेच्या नोंदवहीत क्रमांक ओळीने पडतात, म्हणून ते जुळत नाहीत. परंतु जेथे हजारो संगणक परस्परांना न विचारता क्षणोक्षणी नोंदी करतात, तेथे एकच वही कोठून आणावी? म्हणून प्रत्येक संगणक जणू नाणेफेक करून आपापला क्रमांक पाडतो.

असे दोन क्रमांक जुळण्याचे भय किती? येथे आपली अटकळ फसते. वर्षाचे दिवस ३६५. तरी अवघ्या २३ मुलांत कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. कारण २३ जणांच्या जोड्या २५३ होतात, आणि त्यांतली कोणतीही जुळली तरी पुरे. याच न्यायाने ३२ नाणेफेकींचे क्रमांक ४२९ कोटींवर असूनही, सुमारे ७७ हजार नोंदी होताच दोन जुळण्याचा संभव निम्म्यावर येतो.

म्हणूनच 'यूयूआयडी' या प्रचलित क्रमांकाच्या चौथ्या प्रकारात नाणेफेकी १२२ असतात. सेकंदाला शंभर कोटी क्रमांक पाडीत राहिले, तरी तो संभव निम्म्यावर यावयास सुमारे ८६ वर्षे लागतील.

मात्र नाणे खरे हवे. २००६ साली 'डेबियन' प्रणालीत केलेल्या एका फेरफारामुळे गुप्त किल्ल्या बनविणाऱ्या भागातील यदृच्छाच आटली. २००८ साली ते उघडकीस आले, तेव्हा एकेका प्रकारच्या किल्ल्यांचे संभाव्य नमुने अवघे ३२,७६८ उरल्याचे दिसले. किल्ल्या लांबलचकच होत्या. पोकळपणा वरून दिसत नव्हता.

सबब जाणते लोक क्रमांक कितीही मोठा असो, नवी नोंद करताना 'हा पूर्वी दिला आहे काय?' हे तपासण्याची अट कोठारातच घालून ठेवतात. आम्हीही आता यादीवर सही करण्यापूर्वी नावाशेजारचा दाखल क्रमांक बोट ठेवून वाचतो. त्या माउलीच्या चार खेपांनी आम्हांस एवढे शिकविले.