गोड बोलायचं ट्रेनिंग

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ग्राहकांशी बोलणं माझं काम नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते जमतही नाही. तरी काही वर्षांपूर्वी, ऑनलाइन शिकवणीचे कोर्स विकणाऱ्या एका कंपनीत असताना मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला बसवलं होतं. सेल्स आणि कस्टमर केअर या दोन्ही टीम वापरतात त्या स्क्रीन मी बनवायचो, म्हणून.

पहिला दिवस सेल्सचा. पालक 'परवडत नाही' म्हणाले, तर पूर्ण किंमत उच्चारायचीच नाही, महिन्याचा हप्ता सांगायचा. 'विचार करून सांगतो' म्हणाले, तर 'मुलाच्या भविष्याचा विचार अजून किती दिवस करणार?' असं विचारायचं. 'घरी विचारतो' म्हणाले, तर घरच्यांना तिथल्या तिथे कॉलवर घ्यायचं. दुसरा दिवस कस्टमर केअरचा. ट्रेनर तोच, खोली तीच, सामोसेही तेच. आता शिकवलं ते असं: ऐकून घ्या, समोरच्याची भावना मान्य करा, माफी मागा, मग पर्याय द्या. बोलताना हसा, हसू आवाजातून ऐकू येतं.

एक दिवस जखम करायला शिकलो, एक दिवस फुंकर घालायला. मलमाचं सेशनच नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या ऑफिसांमधलं बरंचसं कस्टमर केअर ट्रेनिंग ग्राहकाची अडचण सोडवायला शिकवत नाही. ज्याच्या हातात अडचण सोडवायचा अधिकारच ठेवलेला नाही, त्याने गोड कसं बोलायचं, तेवढं शिकवतं.

हे मला ट्रेनिंगमध्ये कळलं नाही. पुढच्या आठवड्यात कळलं, जेव्हा मला हेडफोन लावून एका मुलीशेजारी बसवलं. मूळची लातूरकडची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. कॉल आला बार्शीजवळच्या एका गावातून. आजोबांनी नातवासाठी कोर्स घेतला होता. नातू तो उघडत नव्हता, हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून जात होता. त्यांना कोर्स बंद करायचा होता, बस.

ती म्हणाली, "मी समजू शकते, काका." मग पहिली ऑफर वाचली. मग, "तुमची गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व, काका." मग दुसरी ऑफर. तिच्या स्क्रीनवर 'रद्द करा' हे बटण होतं, पण राखाडी. तीन ऑफर वाचून प्रत्येकीपुढे 'ग्राहकाचा नकार' नोंदवल्याशिवाय ते चालू होत नसे. वर कोपऱ्यात टायमर, सहा मिनिटांनी लाल होणारा. आजोबा शेवटी म्हणाले, "पोरी, बोलतीस लई गोड गं तू. पण माझं पैसं थांबव की."

तिने कॉल म्यूट केला आणि मला विचारलं, "सर, हे बटण आधी चालू नाही का होत?"

मी म्हणालो, "सिस्टिमच तशी आहे."

सिस्टिम म्हणजे मी. ती अट मीच लिहिली होती. कामाच्या यादीत एक ओळ आली, मी जेवणाच्या सुट्टीआधी कोड लिहून मोकळा झालो. तिला हे मी सांगितलं नाही.

आमच्या ट्रेनरने रिट्झ-कार्लटन हॉटेलचं उदाहरण मोठ्या कौतुकाने दिलं होतं. तिथे साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते. खोलीत टाळ्या पडल्या. त्या खोलीतल्या एकालाही दोनशे रुपये परत करायचा अधिकार नव्हता. गोष्टीतलं हसू आम्ही उचललं, दोन हजार डॉलर तिथेच ठेवले.

आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली या सगळ्यावर पुस्तक लिहून ठेवलंय, 'द मॅनेज्ड हार्ट'. विमानातल्या कर्मचाऱ्यांना हसायचं आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांना दरडावायचं ट्रेनिंग कसं मिळतं, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. पगारासाठी भावना घडवाव्या लागणं, हेसुद्धा श्रम आहेत, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे तर ही दोन्ही कामं एकाच मजल्यावर चालत.

'मग काय, उर्मट बोलायचं?' असं कुणी म्हणेल. नाही. आपल्याकडे दुकानदाराच्या तुसडेपणाचे विनोद खूप होतात, पण तो तुसडेपणा मला नकोच आहे. नीट बोलायला शिकवा, जरूर शिकवा. पण आधी प्रॉडक्ट शिकवा, नियम शिकवा, पैसे परत करायचं बटण द्या, आणि मग सौजन्य शिकवा. बटणाशिवायचं सौजन्य म्हणजे दाराला कुलूप लावून आतून 'या या' म्हणणं.

आणि हे फक्त वाईट वागणं नाही, नियमाबाहेरचं वागणं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन शिकवणी कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं होतं, आपोआप पैसे कापले जाण्याची सोय टाळा, असंही त्यात होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा 'डार्क पॅटर्न'ना मनाई केली. वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हा त्यातलाच एक. माझं राखाडी बटण त्या यादीत चपखल बसतं.

कॉल संपल्यावर तुम्हाला मेसेज येतो, 'आमच्या प्रतिनिधीला किती तारे द्याल?' नीट वाचा. कंपनीला नाही, प्रतिनिधीला. राग कंपनीचा असतो, तारा त्या मुलीचा जातो, आणि महिनाअखेरीस तिचा इन्सेंटिव्हही. म्हणून तिला पाच तारे द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीची तक्रार नोंदवा. या क्रमाने.

आजोबांचा कोर्स त्या दिवशी बंद झाला, अकराव्या मिनिटाला. मुलीच्या खात्यात एक लाल कॉल जमा झाला. बटणाची ती अट काढावी, असं मी टीममध्ये सुचवलं. एका ओळीचं काम होतं. 'सध्या प्राधान्य नाही' असा शेरा मारून तो मुद्दा बंद झाला, आणि मी पुन्हा उघडला नाही. वर्षभराने मी कंपनी सोडली. निषेध म्हणून नाही, दुसरीकडे पगार जास्त होता म्हणून.

ती मुलगी मात्र अजून कुणाला तरी 'मी समजू शकते' म्हणत असेल. ती खरंच समजू शकते. समजून घ्यायचं ट्रेनिंग आम्हाला हवं होतं.