पुठ्ठ्याआड गेलेली मुखपृष्ठे

किशोर कादंबऱ्यांची रंगीत मुखपृष्ठे म्हणजे निव्वळ विक्रीची युक्ती, हा मागील अंकातील पत्राचा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्यापासून सुभाष अवचटांपर्यंत अनेकांच्या चित्रांनी अनोळखी लेखकालाही वाचक मिळवून दिले. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीकडे पुस्तकांची दुकाने विरळ. तिथल्या मुलांना पुस्तक भेटते ते बहुधा शाळेच्या कपाटात. फाटू नये म्हणून त्यावर पुठ्ठा चढतो आणि कण्यावर फक्त दाखल क्रमांक उरतो. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला मात्र शीर्षकाआधी चित्र कळते. विलास मनोहरांचे ‘नेगल’ कादंबरी नव्हे, पण हेमलकशातील वन्यप्राण्यांविषयीचे, म्हणजे त्याच्याच रानातले. तेही पुठ्ठ्याआड गेले, तर ओळखायचे कसे? पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनाने पुस्तक टिकते आणि दिसतेही.