बक्षीस लागले, आता पैसे भरा

परीक्षेची फी पास होणारा भरतो, नापास होणाराही तेवढीच भरतो. पेपर तपासायला खर्च येतो, त्यात वावगे काही नाही. पण पहिल्या वर्गात आलेल्याला बोलावून "गुणपत्रिका हवी तर आता दहापट भर" असे बोर्डाने म्हटले, तर त्या पहिल्या वर्गाची काय इज्जत राहील?

वस्तूंच्या डिझाइनसाठी जे आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिले जातात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हेच चालते. जर्मनीतल्या एसेन शहराचा 'रेड डॉट' १९५५ पासूनचा, नाव मोठे. तिथे प्रवेशिकेची फी वेगळी, आणि निवड झाली की विजेत्याने आणखी हजारो युरो भरायचे. त्या बदल्यात बोधचिन्ह वापरण्याचा हक्क, ग्रंथात नोंद, प्रदर्शनात जागा. घ्यायचे की नाही, असा पर्याय नाही.

म्हणून तो पुरस्कार खोटा ठरत नाही. परीक्षक वस्तू प्रत्यक्ष पाहतात, टाकाऊ माल सहसा टिकत नाही. पण संस्थेचा खर्च विजेत्यांच्या पैशांवर निघत असेल, तर विजेते कमी करावेत असे तिथे कुणाला वाटेल? दरवर्षी ते शेकड्यांनी निघतात. म्हणजे चिन्हाचा अर्थ 'वस्तू चांगली आहे' एवढाच. 'सर्वोत्तम' म्हणायला 'बेस्ट ऑफ द बेस्ट' असा वेगळा दर्जा ठेवावा लागला, यातच सगळे आले.

मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे जाहिरातीचा खर्च. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने बुजुर्गांना वुजू करताना बसायला घडीचा स्टूल बनवला. कुठल्याशा परदेशी स्पर्धेचे 'निवड झाली' असे पत्र आले. मागितलेल्या पैशांत स्टूलचा साचा तयार झाला असता. अब्बा म्हणाले, कर्ज काढू. 'आदर्श शिक्षक' पुरस्कारासाठी 'सहयोग निधी' मागणारी पत्रे आली की आपण हसतो. लेटरहेड परदेशी असले की हसू येत नाही.

मी त्याला एवढेच विचारायला लावले: पैसे न भरल्यास निकाल बदलतो का? उत्तर आले, नाव यादीतून वगळले जाईल. मग तो निकाल कसला?

विद्यार्थ्यांसाठीच्या जेम्स डायसन पुरस्काराला प्रवेश फी नाही, उलट जागतिक विजेत्याला ३०,००० पौंड मिळतात. तिथे जरूर पाठवावे. आणि साच्याचे पैसे साच्यालाच लावावेत. स्टूल महिनाभर मोहल्ल्यातल्या मशिदीत ठेवावा. गुडघेदुखीवाले चाचा फुकट परीक्षण करतील, तेही तोंडावर.