काळं तेल कुठे जातं?

गेल्या वेळी या सदरात चेन साफ करण्याबद्दल लिहिलं, त्यानंतर मंडळातल्या दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला: इंजिन ऑइल घरी बदलता येतं का? येतं. पार्किंगमध्ये अर्धा-पाऊण तास, एक रिंग पाना, एक पसरट टब आणि जुनी वर्तमानपत्रं एवढ्यावर काम होतं. अवघड भाग ते झाल्यावर सुरू होतो, पण आधी गाडीकडे वळू.

माझी पल्सर आहे, म्हणून उदाहरण तिचंच देतो. दुकानात गेल्यावर आपण ब्रँड आणि किंमत बघतो. डब्यावरची बारीक अक्षरं मात्र कोणी वाचत नाही. तिथे '२०डब्ल्यू५०' असं काहीतरी असतं. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती जाड राहतं ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात किती. त्याच्याखाली 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं असतं आणि बाइकसाठी हे फार महत्त्वाचं. कारच्या इंजिन ऑइलचं काम इंजिनापुरतं असतं. आपल्या बहुतेक बाइकमध्ये तेच तेल इंजिन, गिअर आणि क्लच अशा तिघांना पुरतं. क्लचच्या प्लेटा त्या तेलातच बुडालेल्या असतात आणि त्यांना एकमेकींना घट्ट धरायचं असतं. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्या तेलाने क्लच सरकतो. इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. म्हणून काकांच्या कारसाठी आणलेल्या डब्यात उरलंय म्हणून ते बाइकमध्ये ओतायचं नाही. घरातल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी 'एमबी' तेल येतं. तेही बाइकला चालत नाही. ग्रेड आणि माप गाडीच्या पुस्तिकेतून घ्या, व्हिडिओवरून नको. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचं वॉशर सिकंदराबादच्या राणीगंजात सहज मिळतं. वॉशर दहा-वीस रुपयांचं असतं, दर वेळी नवं घ्या.

किती किलोमीटरला बदलायचं तेही पुस्तिकेत असतं, पण सायबर टॉवर्सच्या सिग्नलला उभी असलेली गाडी किलोमीटर मोजत नाही आणि इंजिन मात्र चालूच असतं. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत रोज असं उभं राहणाऱ्याने सांगितलेल्या आकड्याच्या थोडं आधीच तेल बदललेलं बरं.

आता काम. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. कोमट तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. लांबच्या फेरीवरून आल्या आल्या मात्र नको, हात भाजेल. गाडी डबल स्टँडवर, खाली पुठ्ठा, हातात रबरी मोजे. मोज्यांना नाक मुरडू नका. वापरलेल्या तेलात जळणातून आलेली घातक रसायनं असतात आणि ते वरचेवर कातडीला लागणं चांगलं नाही. वरचं तेलाचं झाकण आधी सैल करा, मग खालचा ड्रेन बोल्ट. धार पडली की दहा-पंधरा मिनिटं गाडीला हात लावू नका, शेवटचे थेंबही येऊ देत. तोवर फिल्टरचं झाकण उघडा, जुना फिल्टर कोणत्या बाजूने बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि नवा तसाच बसवा. रबरी रिंगला बोटभर नवं तेल लावा. ड्रेन बोल्ट आधी हाताने फिरवा, पाना नंतर. इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असतो. जिममधला जोर इथे दाखवला तर आटे जातात आणि ते बोल्टापेक्षा कितीतरी महाग पडतात.

नवं तेल मापाने ओता, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा आणि गाडी सरळ उभी ठेवून काचेतून पातळी बघा. दोन खुणांच्या मध्ये हवी. 'थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं' हा विचार फोडणीत चालतो, इंजिनात नाही.

टबात जमलेलं तेल लगेच दूर करू नका, मला तरी सगळ्या कामातली खरी गंमत तिथे वाटते. काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. काजळी आणि मळ धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. काळं झालं म्हणजे त्याने नोकरी नीट केली. दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. बोटांत घासल्यावर चमकणारी बारीक भुकटी थोडीफार चालते, पण धातूचे तुकडे दिसले तर गाडी थेट मिस्त्रीकडे न्या. आणि तेल मोजा. किती घातलं होतं आणि किती निघालं यातला फरक वहीत मांडत गेलं, की इंजिन तेल पितंय का ते धूर दिसायच्या आधी कळतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लॉग ठेवायची सवय असतेच, तिचा एकदाचा उपयोग.

मग ते तेल टाकायचं कुठे? मी कुकटपल्लीला राहतो. आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याची जाळी आहे आणि टब तिथे रिकामा करायला पाच सेकंद पुरतात. कुकटपल्ली नाला हुसेन सागरात जातो, हुसेन सागराचं जादा पाणी मुसीत, आणि मुसी नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीला कृष्णेला मिळते. हो, महाबळेश्वरला उगम पावलेली आपलीच कृष्णा. वाटेत शहराच्या पूर्वेला मुसीच्या पाण्यावर भात, भाजी आणि जनावरांचा चारा पिकतो. पिणारी आणि खाणारी माणसं आपण पाहिलेली नसतात, एवढंच. १९०८ च्या पुरानंतर या शहराचं पाणी आणि सांडपाणी मार्गी लावायला निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून शिकलेले इंजिनिअर. त्यांच्यासमोर प्रश्न पुराचा होता. लाखो बाइकच्या तेलाचा हिशेब त्यांना करावा लागला नाही, तो आपल्यावर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं प्रमाण असं, की एका लिटर वापरलेल्या तेलाने दहा लाख लिटर पाणी खराब होऊ शकतं. माझ्या पल्सरमधून एका वेळी साधारण तेवढंच निघतं.

गावाकडे हे तेल वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना फासतात, बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. काटकसर म्हणून समजू शकतो, पण शेवटी ते मातीतच उतरतं. वास्तविक तेल झिजून संपत नाही, ते मळतं. मळ आणि पाणी काढून ते पुन्हा शुद्ध करता येतं आणि मूळ तेल परत मिळतं. केंद्र सरकारच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे. नियम कंपनीला लागू आहे, पण माझ्या टबापासून कंपनीपर्यंत तेल आपोआप चालत जात नाही.

म्हणून मी करतो ते असं. नव्या तेलाचा रिकामा डबा आणि फनेल. जुनं तेल त्याच डब्यात. थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका, घरात लहान मुलं असतात. डब्यावर 'वापरलेलं' असं मार्करने लिहितो. जुना फिल्टर रात्रभर टबात उपडा ठेवून निथळतो. मग डबा कॉलनीबाहेरच्या गॅरेजला नेतो. ज्यांच्याकडे रोज दहा-पंधरा गाड्यांचं तेल निघतं त्यांच्याकडे पिंप असतं आणि ते भरलं की उचलणारा येतो. तो अधिकृत पुनर्चक्रणवाला आहे का, हे मी आमच्या मिस्त्रीला पहिल्या भेटीतच विचारलं. 'देखो साब, कागज भी है,' म्हणत त्यांनी पावती दाखवली. तुमच्या मिस्त्रीलाही विचारा. पावती नसेल तर पुढचं गॅरेज बघा. अधिकृत पुनर्चक्रणवाल्यांची चौकशी सनतनगरच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात करता येते. मंडळातल्या आठ-दहा बाइकवाल्यांनी मिळून एक मोठा कॅन ठेवला तर सगळ्यांची फेरी वाचेल. कोण कोण तयार आहे ते मला कळवा, कॅन मी आणतो.

तेल ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडा. धड डब्यात भेसळीचं तेल भरून तो पुन्हा विकला जाऊ शकतो.