मधुमेहाला रामराम?

मंडळी, स्मरणिका हातात आली की आपण आधी काय बघतो? आपला फोटो, मग मुलांचे फोटो, मग जाहिराती. लेख नंतर, जमलं तर! म्हणून यंदा जाहिरातींवरच लिहितो आहे, आणि सुरुवात माझ्याच गुन्ह्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी स्मरणिका समितीवर होतो. एका सप्लिमेंट विक्रेत्याने अर्ध्या पानाची जाहिरात दिली. इंग्रजी मथळा लांबलचक होता: रक्तातली साखर मुळात नॉर्मल असेल तर ती तशीच राहायला मदत करते. "जरा मराठीत खुसखुशीत करून द्या," असा निरोप आला. मी दोन मिनिटांत लिहिलं, "मधुमेहाला रामराम!" समितीत हशा पिकला, विक्रेता खूश झाला, चेकही लगेच आला.

त्याच वर्षी एका मित्राचे वडील सहा महिन्यांसाठी इथे आले होते. वीस वर्षांचा मधुमेह, गोळ्या नियमित. त्यांनी स्मरणिकेत तो मथळा वाचला, बाटली मागवली आणि कुणाला न सांगता डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. काही आठवड्यांत साखर पाचशेच्या वर गेली, इमर्जन्सीत न्यावं लागलं. काका वाचले. भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "अरे, आपल्या मंडळाने छापलंय म्हटल्यावर खोटं कसं असेल?" मथळा माझा होता, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

इंग्रजी मथळा इतका रटाळ का होता, ते मी नंतर शोधलं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकायला औषधासारखी एफडीएची आगाऊ मंजुरी लागत नाही. मात्र 'रोग बरा होतो' असं म्हणता येत नाही. शरीराच्या कार्याला 'मदत होते' इतपतच बोलता येतं. तसं बोललं तरी बाटलीवर छापावं लागतं की या विधानाची एफडीएने तपासणी केलेली नाही आणि हे उत्पादन कुठल्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. २००० साली एफडीएने कोलेस्टेरॉलचं उदाहरण देऊन हे स्पष्ट केलं: 'कमी करते' हा रोगाचा दावा, 'मुळात नॉर्मल असलेलं नॉर्मल ठेवायला मदत करते' हे चालेल. म्हणजे आमच्या जाहिरातीतली गोळी, तिच्याच शब्दांत, मधुमेह्यांसाठी नव्हतीच! 'मुळात नॉर्मल असेल तर' हे शब्द महत्त्वाचे होते, आणि मी नेमके तेच कापले.

यावर नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत. "जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती चालायचीच." साडीच्या जाहिरातीत चालेल; साडी नेसून कुणी इन्सुलिन सोडत नाही. "आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार?" डिसेंबर २००४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली. बॉस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती दुकानं म्हणजे आपण पोहे आणि गोडा मसाला आणतो तसलीच. "मराठीत कोण बघतंय?" जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एफटीसीच्या कायद्यात भाषेची सूट नाही. जेवणावर पावडर भुरभुरवा आणि नेहमीसारखं खाऊन वजन घटवा, असं सांगणाऱ्या 'सेन्सा'ला २०१४ मध्ये २ कोटी ६५ लाख डॉलर्स मोजायचं कबूल करावं लागलं.

शेवटचं उत्तर सर्वांत प्रामाणिक असतं: "जाहिराती नसतील तर हॉलचं भाडं कुठून भरायचं?" वर्गणी पाच डॉलर्सनी वाढवा. मी दहा देतो.

सप्लिमेंटच्या जाहिराती छापूच नयेत, असं मी म्हणत नाही. पण तीन नियम करू या. मथळ्यात रोगाचं नाव नको. इंग्रजीत नसलेला दावा मराठीत नको. आणि बाटलीवरची सूचना मथळ्याखालीच, मराठीत, आजी-आजोबांना चष्म्यातून वाचता येईल एवढ्या टाईपात. मथळा असाही होऊ शकतो: "मेथीचा अर्क, ५०० मिलीग्रॅम. डॉक्टरांची औषधं बंद करू नका." विक्रेता म्हणेल, असं लिहिलं तर खपणार नाही. मग ती जाहिरात कशाच्या जोरावर खपत होती, ते त्यालाच विचारा.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.