किल्ल्यापासून दुरावलेले नगर

जपानमध्ये किल्ल्याभोवती वसलेल्या शहरांना ‘जोकामाची’ असा शब्द आहे. मराठी वाचकाला त्यातील ‘माची’ पाहून राजगडाच्या सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या माच्या आठवतील. शब्दांचे नाते काहीच नाही, हा निव्वळ योगायोग. परंतु कल्पना फारशी दूरची नाही. सत्ताधीश कोटात, त्याचे सैनिक, कारागीर आणि व्यापारी कोटाच्या सावलीत, अशी ही रचना महाराष्ट्रालाही परिचित होती. त्या अर्थाने आपल्याकडील जोकामाची शोधायची झाल्यास अहमदनगरचे, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरचे, नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

1490 मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव करून अहमद निजामशहाने सीना नदीकाठी आपल्या राजधानीचा पाया घातला. आज दिसणारा दगडी भुईकोट मात्र त्याचा नातू हुसेन निजामशहा याच्या कारकिर्दीत, 1559 ते 1562 या काळात उभा राहिला. दीड किलोमीटरहून अधिक घेराची तटबंदी आणि भोवती रुंद खंदक. डोंगराचा आधार नसलेला हा कोट सपाट माळावर किती भक्कम ठरू शकतो, हे 1595-96 च्या वेढ्यात चांदबिबीने मोगलांना दाखवून दिले. शहर किल्ल्याच्या पश्चिमेला वाढले. त्यालाही स्वतंत्र तट आणि वेशी होत्या. आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी येत असे.

1600 मध्ये किल्ला मोगलांकडे गेला. पुढे तो पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे आला आणि 1803 मध्ये वेलस्लीने तो जिंकला. सत्ता बदलत गेली तसा त्याचा उपयोगही बदलला. राजाचे निवासस्थान संपले आणि उरली ती छावणी व तुरुंग. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथे आणले गेले. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि मौलाना आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ याच भिंतींआड लिहिले गेले. स्वातंत्र्यानंतरही किल्ला लष्कराच्याच ताब्यात राहिला. 1948 मध्ये रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र शहरात आले आणि लष्कराचा वावर अधिकच पक्का झाला.

येथेच जपानशी तुलना उपयोगी पडते. तेथेही 1873 मध्ये मेजी सरकारने बहुतेक किल्ले मोडीत काढले आणि उरलेले लष्कराला दिले. कानाझावाचा किल्ला एका लष्करी तुकडीचे मुख्यालय झाला होता. 1945 च्या पराभवानंतर लष्करच विसर्जित झाले आणि 1949 मध्ये किल्ल्याच्या आवारात चक्क विद्यापीठ भरू लागले. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेही शहराबाहेर हलले, आणि 2001 मध्ये तेथे सार्वजनिक उद्यान खुले झाले. जुन्या पद्धतीच्या लाकूडकामाने एक बुरूज आणि लांबलचक कोठार पुन्हा उभारण्यात आले. कानाझावाची वस्ती साडेचार लाखांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत नगर महापालिकेची साडेतीन लाख होती. आकाराने दोन्ही शहरे एकाच पंगतीतली.

मात्र या तुलनेतून ‘लष्कराने किल्ला सोडावा, की नगरचे कानाझावा होईल’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. लष्कराच्या पहाऱ्यामुळे सामान्य नगरकर आपल्याच किल्ल्यात पाहुण्यासारखा जातो, हे खरे. पण त्याच पहाऱ्यामुळे तट आणि खंदक अतिक्रमणापासून वाचले, हेही तितकेच खरे. याउलट जो भाग नागरी व्यवस्थेच्या हाती होता त्याचे काय झाले? शहराचा तट बहुतांशी नाहीसा झाला. माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा यांसारख्या मोजक्या खुणा शिल्लक आहेत, त्याही वाहतुकीच्या गराड्यात. खापरी नळांची ती व्यवस्था कधीच मोडून पडली. (मुंबईनेही 1860 च्या दशकात आपला कोट पाडला आणि ‘फोर्ट’ हे नाव तेवढे जपून ठेवले, तेव्हा नगरला नावे ठेवण्याचा अधिकार मुंबईकरांना फारसा नाही.)

कानाझावाचे वेगळेपण किल्ल्यात नाही. त्याचा मुख्य मनोरा तर 1602 मध्येच जळाला. ते आहे किल्ल्याखालच्या शहरात. युद्धातील बॉम्बफेकीतून वाचलेल्या जुन्या पेठा, शत्रूला चकवण्यासाठी मुद्दाम वळवलेल्या गल्ल्या आणि कालवे तेथे आजही दैनंदिन वापरात आहेत. नगरमध्ये किल्ल्याखेरीज दमडी मशीद, फराहबाग, ‘चांदबिबी महाल’ म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर असे बरेच काही उरले आहे. पण ही सारी ठिकाणे एकमेकांपासून तुटलेली. त्यांना सांधणारे जुने शहर ही वारसा म्हणून जपण्याची गोष्ट आहे, असे महापालिकेच्या कारभारात क्वचितच दिसते.

नामांतरावर मात्र पुष्कळ ऊर्जा खर्ची पडली. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातले, त्यामुळे नव्या नावाला स्थानिक आधार आहेच. बोलण्यात मात्र लोक पूर्वीही ‘नगर’ म्हणत आणि आजही म्हणतात. किल्ला लष्कराकडून पुरातत्त्व खात्याकडे जावा की नाही, याचा निर्णय दिल्लीत व्हायचा आहे. माळीवाडा वेशीभोवतीची दुकाने आणि वाहने यांचा निर्णय मात्र नगरमध्येच घेता येण्यासारखा आहे.