‘सिद्धार्थ’ पडद्यावर का मोडतो?

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता संगणकाचे सखोल शिक्षण घेत आहेत. त्यांना ‘टर्मिनल’ ही काळी खिडकी वापरावी लागते. तिथे विहाराच्या सभासदांची मराठी यादी उघडली की अक्षरे फुटतात आणि मुले म्हणतात, ‘मराठी संगणकाला जमत नाही.’ हे खरे नव्हे. दोष भाषेचा नाही आणि मुलांचाही नाही.

टर्मिनलची रचना मुळात इंग्रजीसाठी झाली. ती गणिताच्या चौकटीच्या वहीसारखी आहे, एका घरात एक अक्षर. आपले ‘सिद्धार्थ’ हे नाव मात्र संगणकात नऊ चिन्हांनी साठवले जाते. वेलांटी दिसते ‘स’च्या आधी, पण साठवली जाते नंतर. रफार दिसतो ‘थ’च्या डोक्यावर, पण त्याचा ‘र’ साठवला जातो आधी. ही जुळणी अनेक टर्मिनलना नीट साधत नाही.

म्हणून आधी लक्षण ओळखावे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही असे समजावे. ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ हे फॉन्ट मोफत मिळतात. ते बसवून खिडकी बंद करावी व पुन्हा उघडावी. प्रश्नचिन्हे दिसली तर संकेतप्रणाली तपासावी. लिनक्सवर ‘लोकेल’ हा हुकूम दिल्यावर ‘यूटीएफ-८’ असे उत्तर यायला हवे. विंडोजमध्ये तिचा क्रमांक ६५००१ आहे. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसला तर मजकूर बहुधा युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. तो परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा लागतो.

आणि फक्त वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटली असतील, तर तीच फाइल साध्या लेखन-संपादकात उघडून पाहावी. तिथे नाव बरोबर दिसले तर फाइल शाबूत आहे. तिला हात लावू नये.

आमचे सांगणे आहे ते येथेच. खिडकीत नीट दिसावे म्हणून काही जण वेलांटी ‘स’च्या आधी टाइप करतात. मग ते नाव इतर सर्व ठिकाणी चुकीचे होते, शोधूनही सापडत नाही. प्रश्नचिन्हे उमटलेली यादी तशीच साठवली तर मूळ अक्षरे कायमची जातात. म्हणून दुरुस्तीपूर्वी फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावे आपल्या घरांनी विचारपूर्वक स्वीकारली. शाळेच्या दाखल्यात व जातीच्या प्रमाणपत्रात एका वेलांटीचा फरक पडला, तर मजुरी बुडवून कचेरीचे खेटे कोणाला घालावे लागतात, हे आपल्या आई-वडिलांना विचारा. संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या मुलांनी खिडकी दुरुस्त करावी, नाव बिघडवू नये.

जय भीम!